एकवीस गेजचं पॅकिंग

अप्पांच्या पद्मिनी गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, दोन वर्षांत दोनदा उतरवावं लागलं. पहिल्यांदा ते आणि खालचा सिलिंडरचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग उडालं म्हणून, दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला म्हणून. शहाणपणाची गोष्ट जास्त लांब आहे, तीच सांगते.

गाडी १९८४ची. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे अखंड बाकडं. अप्पा तिला आजही 'फियाट'च म्हणतात. आरसी बुकात काय छापलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मी भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, एकवीस वर्षं झाली. म्हणजे दिवसभर इतरांनी बनवलेले भाग मोजायचे आणि शतांश मिलिमीटरवरून भांडायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या सवयीपायीच झालं.

डिसेंबर २०२२ मध्ये सासवडला जाताना दिवे घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. अप्पांनी लगेच गाडी कडेला घेतली. तासाभरानं रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू केलं, तर पाण्यात बुडबुडे. टो करून घरी आणली, आमच्या नाना पेठेतल्या मिस्त्रीकाकांनी येऊन हेड उतरवलं. तीन नंबरच्या सिलिंडरपासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत पॅकिंग जळून काळी वाट पडली होती. ज्याला पुस्तकात हेड गास्केट म्हणतात त्याला पेठेत हेड पॅकिंगच म्हणतात, आणि मी पण तेच म्हणणार आहे.

हेडवर पट्टी ठेवून खालून फीलर गेज घालून पाहिलं. पाच शतांश मिलिमीटरचं पातं कुठेच शिरलं नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापलं की वाकतं, पण अप्पांनी वेळेवर थांबल्यामुळे वाचलं. आता नवीन पॅकिंग आणायचं, बसवायचं, विषय संपला. तेवढ्यात मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, आता उघडलंच आहे तर पातळ पॅकिंग टाकू. गाडी पळेल."

"किती पातळ?"

"पातळ म्हणजे पातळ."

"म्हणजे किती मिलिमीटर?"

काकांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते भोसरीत प्रॉडक्शनवाले माझ्याकडे रोज पाहतात. मग त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळायचं तेव्हा काही टॅक्सीवाले उलटं करायचे, एकावर एक दोन पॅकिंग टाकायचे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरायचं, इंजिन मेल्यासारखं चालायचं, पण भेसळीच्या पेट्रोलवर खडखडायचं नाही. "जाड टाकलं की मरतं, मग पातळ टाकलं की जगणार. सोपं आहे." तर्क बरोबर होता. फक्त आकडे नव्हते.

म्हणून मी आकडे काढायला बसले.

पद्मिनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. म्हणजे एका सिलिंडरचे २७२.४ सीसी, चारांचे मिळून १०८९. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. खरा प्रश्न पिस्टन अगदी वर आल्यावर डोक्यावर किती जागा उरते हा आहे, आणि ती तीन तुकड्यांत असते: हेडमधली खोली, पॅकिंगच्या जाडीतली चकती, आणि पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा जितका खाली थांबतो तेवढी फट.

हेडची खोली मोजायला ब्युरेट लागते. मुलीच्या बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वेळी घेतलेली पडून होती. हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर, काठाला ग्रीस लावून वर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवला, त्याला भोक पाडून रॉकेल सोडलं. चार खोल्यांचे आकडे आले ३३.८, ३४.२, ३४.० आणि ३३.९. चाळीस वर्षांपूर्वीच्या ओतकामाला हे फारच चांगलं आहे. मला अगदी कुर्ल्याला पत्र पाठवावंसं वाटलं. पिस्टनच्या वरची फट डेप्थ मायक्रोमीटरनं मोजली, २.२ सीसी धरली.

पॅकिंगच्या जाडीत मात्र बहुतेकांची चूक होते. दुकानातलं नवीन पॅकिंग मायक्रोमीटरमध्ये धरलं तर १.७५ भरलं. पण बोल्ट आवळले की ते दबतं. आपल्या इंजिनात प्रत्यक्ष किती उरतं ते उतरवलेल्या पॅकिंगवर बोअरच्या कड्याजवळ मोजायचं. तिथे १.४ भरलं. कड्याचा व्यास ७०, म्हणजे चकतीचे ५.४ सीसी. सगळं मिळून ४१.६. त्यावरून कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, आला ७.५५.

आजच्या कुठल्याही गाडीच्या मानानं हा फार कमी. पण ही गाडी बनली तेव्हाचं पेट्रोलही तसंच, कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली लवकर पेटणारं, होतं. त्या पेट्रोलवर रेशो वाढवला असता तर ठिणगीच्या आधी किंवा नंतर मिश्रण स्वतःच्या मर्जीनं पेटलं असतं. आता साध्या पंपावरही निदान ९१ ऑक्टेन मिळतं, आणि इथेनॉल मिसळतात त्यानं ऑक्टेन आणखी वरच जातो. इथेनॉलचे इतर धंदे वेगळे, नळ्या कडक होतात, डायफ्राम फुगतात, मिश्रण पातळ पडतं म्हणून जेट बदलावे लागतात. त्यावर कधीतरी स्वतंत्र चिडेन. पण ऑक्टेनपुरतं म्हणाल तर इंजिनाला मोकळी जागा होती. ती वापरायचा मोह झाला.

रेशो वाढवायचे दोन रस्ते. एक, हेडचं फेसिंग करून धातू काढायचा. दुसरा, पॅकिंग पातळ करायचं. फेसिंगला मी सुरुवातीलाच नाही म्हटलं. काढलेला धातू परत लावता येत नाही आणि पद्मिनीची हेडं काही झाडाला लागत नाहीत. पॅकिंग पटलं नाही तर काढून जुन्या जाडीचं टाकता येतं. निदान मला तेव्हा असंच वाटत होतं.

नाना पेठेत तीन दुकानं पालथी घातली. जिप्सीसारख्या गाड्यांना वेगवेगळ्या जाडीची पोलादी थरांची पॅकिंग लोक मागवतात. फियाटला? "एकच येतं ताई, आणि ते येतंय हेच नशीब." मग उरलं तांबं.

तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग ही जुनी युक्ती आहे. पत्रा दबत नाही, म्हणजे जेवढी जाडी विकत घ्याल तेवढीच इंजिनात राहते. हिशेबाला सोन्यासारखं. पत्रा गेजमध्ये मिळतो आणि गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते, हे नवशिक्याला चकवायला ठेवलेलं असावं. वीस गेज म्हणजे ०.९१ मिलिमीटर, एकवीस म्हणजे ०.८१, बावीस म्हणजे ०.७१. मी एकवीस निवडला. चकती ५.४ वरून ३.१ सीसीवर येणार, एकूण जागा ३९.३, आणि रेशो ७.९३.

बावीस का नाही, तर हेड खाली येतं तसे व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ येतात, आणि पातळ पत्र्याला ब्लॉकमधले बारीक खड्डे झाकायची ताकद कमी. शिवाय ७.९३ हा आठच्या आत राहणारा आकडा मला सभ्य वाटला. यात शास्त्र किती आणि स्वभाव किती, सांगता येत नाही.

आता एक कबुली. याच बैठकीत मी फायदाही काढला होता. रेशो आणि कार्यक्षमता यांचं पाठ्यपुस्तकातलं सूत्र लावलं तर ७.५५ वरून ७.९३ वर गेल्यानं मिळणारी वाढ सुमारे दीड टक्का. हे इंजिन चाळीसेक घोड्यांचं, म्हणजे पदरात पडणार अर्ध्या घोड्याच्या आसपास. अर्ध्या घोड्यासाठी हा सगळा खटाटोप! पण वही बंद करताना मी तो आकडा खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिला. ज्याला काही करायचंच असतं तो आकडे कुठे लिहितो ते पाहावं.

पत्रा घ्यायला कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथल्या एका आजोबांनी पत्रा हातात घेऊन कोपरा वाकवला आणि म्हणाले, "हा कडक आहे. भाजून घे."

मला वाटलं, पोलादासारखं तापवून पाण्यात टाकलं की आणखी कडक होईल. आजोबा हसले. तांब्याचं उलटं असतं. ठोकलं की ते कडक होतं, मंद लाल होईपर्यंत तापवलं की मऊ पडतं, मग पाण्यात विझवा नाहीतर तसंच निवू द्या. पाण्यात टाकायचं ते वरची काळी पापडी सुटावी म्हणून. मठारकाम करताना ते भांडं मधेमधे याच कारणानं भट्टीत घालतात. एकवीस वर्षं धातूंची सर्टिफिकेटं तपासते आहे, पण ही गोष्ट बोटांना पहिल्यांदा तिथे कळली. भाजल्यावर तोच पत्रा चपातीसारखा लवला.

पॅकिंगचा आकार ओळखीच्या शॉपमध्ये वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेनं धातू कापणाऱ्या मशिनवर, कापून घेतला. जुन्या पॅकिंगवरून ड्रॉइंग मीच केलं: चार बोअर, बोल्टची भोकं, पुशरॉडची, पाण्याची. कापल्यावर भाजलं, पाण्याच्या भोकांभोवती दोन्ही बाजूंनी सीलंटची पातळ रेघ ओढली.

बसवण्याआधी दोन गोष्टी बघायच्या होत्या. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का, त्यासाठी गणपतीतली उरलेली शाडू माती कामाला आली. पिस्टनवर मातीची टिकली थापली, हेड हलकं आवळलं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं, हेड काढून माती ब्लेडनं चिरली. सगळ्यात पातळ जागी ३.१ मिलिमीटर. भरपूर. दुसरी गोष्ट टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो, पुशरॉड नावाच्या दांड्या वर रॉकरला ढकलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. हेड सहा दशांश खाली आलं की पुशरॉड तेवढाच लांब झाल्यासारखा होतो. टॅपेट आधी ढिले न करता हेड आवळलं तर व्हॉल्व्ह कायमचे थोडे उघडे राहतात आणि लोक म्हणतात, पातळ पॅकिंग टाकलं आणि गाडीच चालू होईना. ज्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये आणि तो बेल्टनं फिरतो तिथे ही भानगड नाही, पण हेड खाली आल्यानं कॅमचा टायमिंग किंचित मागे पडतो. प्रत्येकाचं काही ना काही.

बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्यानं. काकांचा टॉर्क पान्यावर विश्वास नाही, "मनगटाला कळतं" हा त्यांचा सिद्धांत. मनगटानं आवळलेले दोन बोल्ट मी पान्यानं तपासले आणि दोन्ही बरोबर निघाले, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

कॉम्प्रेशन गेजवर आधी सिलिंडर ११६ ते १२० पाउंड दाखवत होते. तीन नंबर अर्थातच सोडून, तिथे ७० होते. आता १२४ ते १२८. चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, इंजिन गरम. असं केलं नाही तर या आकड्यांना अर्थ नाही. वाढ हिशेबाप्रमाणे आली होती. मी त्या दिवशी घरात जरा उंच मानेनंच वावरले.

गाडी पळाली का? दिवे घाटातल्या ज्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागायचं तिथे आता तिसऱ्यातच रेटता यायचं. अप्पा म्हणाले, "बदल आहे." काका म्हणाले, "बोललो होतो." मी मनात म्हटलं, जळलेल्या पॅकिंगच्या गाडीपुढे कुठलीही धड गाडी पळणारच, तीन नंबर परत कामावर आला त्याचं श्रेय एकवीस गेजला कशाला? आणि तिसऱ्या गिअरची आठवण कितपत खरी, ते अप्पाच जाणोत.

मे महिन्यात ताम्हिणीतून माणगावला आत्याकडे निघालो. घाट उतरेपर्यंत सगळं छान. खाली आलो, दुपारचे दोन, उकाडा, गाडीत चौघं आणि आंब्यासाठी नेलेल्या रिकाम्या पेट्या. छोट्याशा चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनातून पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा आवाज. नॉकिंग, म्हणजे तेच, मिश्रण स्वतःच्या मर्जीनं पेटणं.

पुण्यात कधीच झालं नव्हतं, आणि कारण लक्षात यायला मला माणगाव गाठेपर्यंत वेळ लागला. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. हवेचा दाब कोकणापेक्षा सहाएक टक्के कमी. सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच कमी असते, त्यामुळे दाबूनही कमीच दाबली जाते. माझी सगळी तपासणी पुण्याच्या विरळ हवेतली, जानेवारीतली. खाली दाट हवा आणि मेचा उकाडा. सहा टक्के म्हणजे मी पॅकिंगनं जेवढा दाब वाढवला होता जवळपास तेवढाच! कोकणात गाडीत न मागता आणखी एक पातळ पॅकिंग पडलं होतं.

आत्याच्या अंगणात डिस्ट्रीब्युटरचा बोल्ट सैल करून तो जरासा फिरवला, ठिणगीचा टायमिंग दोनेक अंश मागे घेतला. चिंचोके थांबले. पण ठिणगी उशिरा पडली की जोरही थोडा जातो. पॅकिंगनं जे दिलं होतं त्यातलं बरंचसं मी माझ्या हातानं परत केलं, आणि पुण्यात आल्यावर टायमिंग पुन्हा पुढे घ्यायचा कंटाळा केला.

खरी चूक मात्र पाण्याची. हेड बसवताना रेडिएटरमध्ये चांगलं कूलंट भरलं होतं. २०२४च्या उन्हाळ्यात रेडिएटरचा एक सांधा ठिबकू लागला. दुरुस्तीला टाकू, टाकू म्हणत मी रोज सकाळी पाणी ओतत राहिले. आमच्या सोसायटीच्या बोअरचं, म्हणजे बोअरवेलचं, पाणी, ज्यानं गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते. चार महिने. अप्पांची पाण्याबाबतची भूमिका पहिल्यापासून "पाणी ते पाणी" अशीच, त्यामुळे घरातून विरोध नव्हता.

ऑक्टोबरात हेडच्या सांध्याखाली ब्लॉकवर पांढरट हिरवा ओघळ दिसला. उघडलं. तांब्याचं पॅकिंग नवंकोरं. त्याच्या वरचं अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या भोकांच्या कडांनी उंदरानं कुरतडल्यासारखं झालेलं. चार नंबरजवळचा खड्डा ०.९ मिलिमीटर खोल, बोअरच्या कड्यापासून जेमतेम अडीच मिलिमीटरवर.

तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये क्षारांचं पाणी. शाळेत लिंबात दोन पट्ट्या खोचून दिवा लावतो तोच सेल, आणि या जोडीत झिजायचं काम अ‍ॅल्युमिनियमकडे असतं. कूलंटमधली रसायनं हेच थोपवत असतात; मी ती रोज एक तांब्या पाणी ओतून धुऊन काढत होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कंपनीत पितळी फिटिंग आणि अ‍ॅल्युमिनियमची बॉडी एकत्र दिसली की मी रिपोर्टवर लाल शेरा मारते. पॅकिंग निवडताना जाडी, दाब, व्हॉल्व्हची फट, सगळ्याचा विचार केला. ते कशाचं बनलंय आणि कशाला लागून बसणार आहे, हा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

आर्गन वेल्डिंगनं खड्डे भरून घेतले. वेल्डिंग केलं की फेसिंग करावंच लागतं. हेड सरफेस ग्राइंडरवर चढलं, चार दशांश धातू निघाला. जे करणार नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी तांबट आळीपर्यंत गेले होते, तेच. ब्युरेट पुन्हा काढली. खोली आता सरासरी ३२.८ सीसी. आणि पॅकिंग नाना पेठेतलं, एकच येणारं, दबून १.४ होणारं. रेशो ७.७४.

म्हणजे मला हवी होती त्यातली निम्मी वाढ नेहमीच्या पॅकिंगवरच मिळाली, मात्र पुढच्या वेळी फेसिंगला उरलेला धातू तेवढा कमी झाला. माणगावला नंतर एकदा जाऊन आलो, तेही मेमध्येच. चिंचोके नाहीत. टायमिंग मूळ खुणेवर आहे.

अप्पांची १९८४ पासूनची डायरी आहे, त्यात पेट्रोलपासून पंक्चरपर्यंत सगळं लिहिलेलं. दुरुस्त हेडची नोंद त्यांनी मला लिहायला सांगितली. मी लिहिलं: हेड फेसिंग ०.४, पॅकिंग साधं, कॉम्प्रेशन १२२, १२४, १२२, १२२, रेडिएटर नवा कोअर, कूलंट चार लिटर. अप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: बोअरचं पाणी बंद.